मुलीची वाडी कुठली

आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या इमारतीत एक वॉचमन आहेत, मालवणकडचे. नाव मी कधी विचारलंच नाही बघा. खुर्चीत बसून सदा मोबाइलवर जर्मनीतलं गॉटिंगन शहर बोटांनी मोठं करून बघत असतात. मुलगी तिथे नर्स आहे. यांनी तिच्या लग्नाला नको म्हटलं, तेव्हापासून ती फोनच घेत नाही.

"वेंडे उत्तरेला, गाइस्मार दक्षिणेला, ग्रोने पश्चिमेला," परवा मला त्या शहराचे भाग सांगत होते.

"अहो, तुम्ही तर तिथलेच झालात की!"

"नुसत्या गावाच्या नावानं काय होतं, काकू? वाडी कळायला हवी. तिची वाडी कुठली, तेवढं कोणी सांगत नाही."

ते पुन्हा ग्रोनेच्या गल्ल्या मोठ्या करायला लागले. वरून काढलेला फोटो तो, घरांची नुसती छपरंच दिसत होती.