माझ्या हातानं भरलेला पंप

“पाना धरता आला म्हणजे पंप कळला, असं नसतं. सवलतीत पास झालं की हे असं होतं.”

सर हे शेजारच्या काकांना सांगत होते, मी समोर असताना. त्यांच्या कर्वेनगरच्या बंगल्यात, विहिरीच्या कट्ट्याशी, मी जळालेला पंप उघडून बसलो होतो. तिसऱ्यांदा. काका हसले. आपल्या विहिरीसाठी दुसरा माणूस बघतो म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर पाना टाकून निघालो असतो. पण हे सर होते. निवृत्त प्राध्यापक. जयंतीला आमच्या विहारात येऊन समतेवर बोलायचे. माझा आयटीआयचा फॉर्म त्यांनीच भरला होता. मी त्यांना बापाच्या जागी मानत होतो.

त्यांचा मुलगा अमेरिकेत, सॉफ्टवेअरमध्ये. तो येणार म्हणून वरच्या बाथरूममध्ये शॉवर बसवला, आणि शॉवरला जोर मिळावा म्हणून पंपाला प्रेशर टाकी जोडली. टाकीतला दाब उतरला की पंप आपोआप चालू होतो. पण आधी पंपात पाणी भरून हवा काढावी लागते. नाहीतर तो कोरडाच फिरतो आणि सील जळतं. हे मीच सरांना समजावलं होतं. दरवेळी बादलीनं पाणी भरायचो, टाकी दाबावर आणून दाखवायचो. दोन दिवसांत पुन्हा फोन.

विहिरीतला व्हॉल्व्ह बदलला. बुधवार पेठेत हिंडून चांगलं सील आणलं. पाइपचा जोड न् जोड तपासला. चूक सापडेना. शेवटी मलाही वाटायला लागलं, सर म्हणतात तेच खरं असेल. त्याची लाज अजून जात नाही.

त्या दिवशी पंप चालू करून निघालो आणि दाब मोजायचं मीटर तिथंच विसरलो. अर्ध्या वाटेतून फिरलो. फाटक उघडंच होतं.

सर पंपाशी वाकले होते. पंपाचं बटण बंद, खालचा पाणी सोडायचा प्लग काढलेला, टाकीचा नळ सोडलेला. मी भरलेलं पाणी जास्वंदीच्या आळ्यात चाललं होतं. सगळं रिकामं झाल्यावर त्यांनी प्लग लावला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. देवघरातला तांब्या, कुंकवाचं बोट लागलेला. जिथं बादली लागते तिथं तांब्या. बिघाड मला तिथंच सापडला.

मला पाहून ते दचकले. “हिच्या सोवळ्यापायी करावं लागतं. देवाला हेच पाणी जातं. मी स्वतः मानत नाही, तुला माहीत आहे.”

“प्लग तुम्ही काढलात, सर.”

ते म्हणाले, झालं ते झालं, आता नीट भरून दे, मुलगा उद्या पोचतोय.

“आधी काकांना बोलवा. पंप का जळत होता ते माझ्यासमोर सांगा. मग भरतो.”

सर आत गेले. मी मीटर उचललं. काकांच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

आता कुठल्याही घरी पाना काढण्याआधी मी वस्तीसकट माझं नाव सांगतो. पंपात पाणी मीच भरणार, हेही सांगतो. चालत नसेल तर तोंडावर सांगा. पण जो माझ्यामागे ते ओतून देतो आणि वर माझ्याच कामाला नावं ठेवतो, त्याला मी पुन्हा सर म्हणणार नाही. मग त्यानं माझे कितीही फॉर्म भरलेले असोत.