चिचगडचा मंगरू आणि सरकारबाई

पुष्पांजली कापगतेंच्या घरी सकाळचे दोन आवाज ठरलेले. एक तव्यावर पडणाऱ्या आयत्याचा आणि दुसरा ओसरीतल्या खाटेवरून येणारा, सासूबाईंचा. तांदळाचं पातळ पीठ तव्यावर फिरवलं की आयत्याला जाळी पडते. ती नीट पडली की नाही, हे सुभद्राबाईंना नुसत्या चर्र आवाजावरून कळायचं.

"आज पीठ घट्ट झालं वं," त्या म्हणाल्या. "ध्यान कोठी आहे तुहं? बर्मात असन."

पुष्पांजली हसली. काल दुपारी तिने खरंच ब्रह्मदेश घेतला होता.

तेवढ्यात समोरच्या दाराची कडी वाजली. नवेगाव बांधमध्ये सकाळच्या पारी समोरून कोणी येत नाही. दूधवाला, शेजारीण, कामवाली, सगळी मागच्या अंगणातून येतात आणि येण्याआधी आवाज देतात. तिने तवा खाली उतरवला, हात पुसले आणि दार उघडलं.

दारात आसाराम मडावी उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

"काका, समोरून?" ती म्हणाली.

"आज समोरूनच येनं होतं, सुनबाई."

आसारामकाका जंगल खात्यात मजूर होते. कामावर होते तोवर कापगतेंच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचे. पुष्पांजली लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिच्याशी न चिडता बोलणारा माणूस म्हणजे हाच एक. संध्याकाळी ते अंगणात चिंच फोडत बसायचे आणि जंगलातल्या गोष्टी सांगायचे. निवृत्त झाल्यावर चिचगडला, आपल्या गावी गेले. तरी वर्षातून एकदा चारोळी नाहीतर मध घेऊन येणं चुकलं नव्हतं. मात्र येणं नेहमी मागच्या दारानं.

ते ओसरीत बसले. सुभद्राबाईंना रामराम झाला. पिशवीतली चारोळी त्यांनी पुष्पांजलीच्या हातात दिली आणि मांडीवरचा दुपट्टा सोडला. आत काचेची फ्रेम होती. फ्रेममध्ये फेटा बांधलेला, झुपकेदार मिशांचा, हातात तलवार धरलेला एक माणूस होता, आणि काचेच्या वरच्या कडेला हळदकुंकू लागलेलं होतं.

"तुमी आमच्या आज्याले कम्प्युटरात आनलं, सुनबाई," आसाराम म्हणाले. "आमच्या पोरगीनं, प्रियानं, देवरीतून छापून आनला. आमच्या घरी त्याचा फोटू नोता. माह्या बापानं बी त्याचं तोंड धड पाहेल नोतं."

फ्रेममधला माणूस पुष्पांजलीने ओळखला.

तो काकांचा आजा, मंगरू मडावी, नव्हता. तो कोणीच नव्हता. कम्प्युटरवरच्या तिच्या खेळात बंडवाल्यांना जी पाचसहा चित्रं फिरवून फिरवून लावतात, त्यातलं ते एक होतं.

ही खेळाची गोष्ट अशी. तिचा मुलगा गजेंद्र नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा जुना कम्प्युटर घरी राहिला. एका दिवाळीत तो म्हणाला, "आई, तुला इतिहास आवडतो ना? मग हे बघ." जगाचा नकाशा होता. एक देश आपला करायचा आणि शंभर वर्षं चालवायचा. कर बसवायचे, रेल्वे टाकायची, फौजा पाठवायच्या. पुष्पांजलीने बी. ए.ला आधुनिक भारताच्या पेपरात कॉलेजात सगळ्यात जास्त मार्क घेतले होते. इंग्रजांनी इथली रेल्वे कोणाच्या फायद्यासाठी टाकली, यावर तिने चार पानं लिहिली होती. खेळात मात्र तिने इंग्लंड घेतलं, कारण गजेंद्र म्हणाला की शिकायला तेच सोपं पडतं.

आणि ती तरबेज निघाली. घर चालवणाऱ्या बाईला अवघड असं त्यात काही नव्हतं. कुठलं आधी, कुठलं मागे, कोणाला गोड बोलून गप्प करायचं, कोणाची मागणी पुढच्या महिन्यावर ढकलायची, हे तर ती पंचवीस वर्षं करत आली होती. नवरा खेमराज खताच्या दुकानात गेला आणि सासूबाईंची दुपारची झोप लागली की ती साम्राज्य उघडायची. पुढे गजेंद्रने गंमत म्हणून तिला बोलत बोलत खेळायला शिकवलं आणि ते खेळ चालू असतानाच इंटरनेटवर दाखवायला लागला, मागून व्हिडिओही ठेवायला. "घ्या जी, रंगून आलं. थांबा, कढीला फोडणी देऊन येते," असं ती म्हणायची आणि कुठली कुठली पोरं हसून लोटपोट व्हायची. ती पोरं तिला सरकारबाई म्हणत. नवेगावात तिला सुभद्राबाईची सून म्हणत. तिला सरकारबाई आवडलं होतं.

गेल्या महिन्यात खेळात मध्य प्रांताच्या जंगलात बंड उठलं. बंडाच्या म्होरक्याचं नाव खेळाने कुठलंतरी पंजाबी ठेवलं होतं. तिला ते खटकलं. आपल्या झाडीपट्टीत असं नाव कुठलं? नाव बदलायची सोय होती. तिला आसारामकाकांचा आजा आठवला. गवत कापायची बंदी आली तेव्हा विळा घेऊन राखीव जंगलात शिरलेला मंगरू. तिने ते नाव लिहिलं. त्या क्षणापुरतं तिला बरंही वाटलं, घरचं माणूस नकाशावर आणल्यासारखं. व्हिडिओला तिने नाव दिलं, 'चिचगडचा मंगरू मडावी विरुद्ध साम्राज्य'.

पुढे जे झालं ते आसारामकाकांनी बघितलेलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"तिकडे फोनले रेंज नाई ना," ते सांगत होते. "फोटू येते, नाव येते, चालू नाई होत. पोरगी म्हने, देवरीत पाहून घेऊ. मी म्हनलो, कायले? ज्यायनं केलं त्यायच्याच घरी जाऊन पाहू. मोठ्या टीव्हीवर." ते जरा लाजले. "आमच्या गावात कोनाचाच आजा इतका मोठा नाई झाला जी."

पुष्पांजली म्हणाली, "काका, लाईट नाही सकाळपासून."

सुभद्राबाईंनी वर पाहिलं. "लाईट नाई त पंखा कोन फिरवून राहिला? तुह्या राज्यातला पंखेवाला?"

आसाराम हसले. लाईट नाही हे सुनेनं थट्टेत म्हटलं, असं त्यांना वाटलं असावं. पुष्पांजलीचे कान तापले. ती उठली आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. सुभद्राबाईही काठी टेकत मागून आल्या आणि दाराशी बसल्या.

तिने कम्प्युटर लावला, व्हिडिओ काढला आणि आवाज पार बंद करून टाकला.

हिरवा नकाशा पसरला. आसाराम पुढे वाकले. "यात आपन कोठी?"

तिने बोट ठेवलं.

"अन् चिचगड?"

"गावं नाहीत यात. एवढा सगळा एकच प्रांत आहे."

"बरं. इथं कोठीतरी असनच ना." त्यांनी समाधानाने मान हलवली. मग पडद्यावर फेटेवाला आला. आसारामांनी हात जोडले, जसे ते घरच्या देवापुढे जोडत असतील तसे. पुष्पांजलीने भिंतीकडे पाहिलं.

"आवाज नाई येत?"

"बिघडलाय, काका."

"अरे." ते खरंच हिरमुसले. "पोरगी म्हने, तुमी बोलता त्याच्यात. आज्याबद्दल तुमी का सांगतलं ते ऐकाचं होतं. अंगनात मी सांगत होतो ना, तवा तुमी चूल सोडून येऊन बसत होत्या. दुसरं कोनी ऐकत नोतं. म्हनून म्हनलो, हे बाई बरोबर सांगन."

आता तिसरं खोटं तिच्या तोंडातून निघेना. काय सांगणार होती ती? हात पुढे गेला आणि तिने आवाज सुरू केला.

तिचाच आवाज होता, दुपारचा, मोकळा, जरा जास्तच गोड. "हे बघा, आले आमचे मंगरूभाऊ. चित्रात तलवार आहे, पण खरं हातात काय आहे? विळा. अहो, तोफेसमोर विळा घेऊन आले. गवत कापाले आले असतीन बिचारे." मग हसू. तिला आठवलं, त्या हसण्याच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात पोरांच्या टाळ्यांची रांग लागली होती आणि तिने त्यांच्यासाठी आणखी बोलणं वाढवलं होतं. "चला, तोफखाना पुढे घ्या. उरकून टाकू, मला मिरच्या वाळू घालायच्या आहेत." धूर निघाला. बंडवाल्यांचं लाल निशाण होतं ते नाहीसं झालं. फेटेवाल्याचं चित्र काळंपांढरं झालं आणि त्यावर एक आडवी रेघ आली. "झालं. मंगरूभाऊ गेले वर. रामनाम सत्य," तिचा आवाज म्हणाला, आणि पुन्हा हसला.

व्हिडिओ संपला. दाराशी बसलेल्या सुभद्राबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

आसाराम पडद्याकडेच बघत होते.

"हे तोफ कोनाची?"

"माझी."

"म्हंजे तुमी यात कोन व्हा?"

"सरकार." मग तिने पूर्ण सांगितलं. "इंग्रज."

"अन् तुमीच त्याले मारलं."

"हो."

त्यांना राग येईल, ते उठून जातील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते बसूनच राहिले. फ्रेम मांडीवर होती. काचेवरचे बोटांचे डाग ते दुपट्ट्याने पुसत होते.

"तुमाले मी अर्धीच गोष्ट सांगतली होती, सुनबाई," ते म्हणाले. "विळा घेऊन गेला, तेथवर. त्याले धरून नेलं. कोठी नेलं ते कोनी सांगतलं नाई. मुर्दा आला नाई, खबर आली नाई. माही आजी म्हातारी होऊन मेली, पन तिनं कुंकू पुसलं नाई. माहा बाप बी मरेपर्यंत म्हने, माहा बाप गेला आहे, येईन. आमच्यात मेलेल्या मानसाच्या नावानं गोटा गाडते, त्याच्या नावाचा आमी गाडला नाई. बाकी साऱ्यायचे गाडले, त्याचा नाई. मेला असं कोनी पाहेलच नाई त कसा गाडाचा?" त्यांनी दुपट्ट्याची घडी केली. "आजपावतर त्याले कोनी मारलं नोतं."

पुष्पांजलीला खुर्चीत बसवेना. ती उठली, पुन्हा बसली. पदराचं टोक हातात आलं होतं. "काका, मी आत्ता काढून टाकते ते. सगळं पुसून टाकते. मला... माझ्या लक्षातच नाही आलं." हे बोलताना तिला कळलं की हेही धड खरं नाही. विळा तिच्या लक्षात होता. गवत लक्षात होतं. त्यांनी अंगणात सांगितलेलं जे जे लक्षात राहिलं, त्याच्यावरच तर तिने हसवलं होतं.

"पुसू नोका," आसाराम म्हणाले. "पोरगीनं गावभर सांगतलं आहे. फोटू देवाजवळ ठेवला होता. आता तिले मी का सांगू?"

"मग मी काय करू?"

त्यांनी पडद्यावरच्या त्या काळ्यापांढऱ्या चित्राकडे बोट केलं. "यात मागं जाता येते का?"

"येतं. बंडाच्या आधीचा खेळ जपून ठेवलेला आहे."

"मंग दाखवा."

तिने तो उघडला. नकाशा पुन्हा तसाच हिरवा. बंडाची खबर घेऊन एक चौकट वर आली. गेल्या वेळी तिने ती न वाचताच बाजूला सारली होती. अशा चौकटी खेळात ढिगानं येतात, वाचत बसलं तर राज्य चालत नाही.

"हे का लिहेल आहे?"

"त्यांनी काय मागितलं ते." तिने इंग्रजी अक्षरांवरून नजर फिरवली. "लिहिलंय की, जंगलातला लाकूडफाटा आणि गवत लोकांना मोकळं करा. एवढंच. खाली दोन बटणं आहेत. एक मान्य करायचं, एक फौज पाठवायचं."

"मान्य केलं त का होते?"

"प्रांताचं उत्पन्न कमी होतं. आणि बंड शमतं. माणसं आपापल्या गावी जातात."

"तुमी ते बटन कधी दाबलं का?"

"नाही," पुष्पांजली म्हणाली. "कधीच नाही."

आसारामांनी फ्रेम टेबलावर, पडद्याला टेकून उभी केली. मग खुर्ची थोडी पुढे ओढून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता दाबा. आज्याले घरी जाऊ द्या."