तात्यांच्या नावावरचा कुत्रा

“तात्या, थोडं जवळ सरका ना,” मी पुन्हा म्हटलं.

“मी हाय तिथं बरा हाय. सरकायचं तर त्याला सांग.”

बाजेच्या एका टोकाला तात्या बसले होते. पांढरी टोपी, ताठ मान, आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखा चेहरा. दुसऱ्या टोकाला ब्रूनो नावाचा लॅब्राडॉर कुत्रा. मधल्या जागेत आणखी दोन माणसं आरामात मावली असती. दोघं एका फोटोत यावेत म्हणून मी मागे मागे सरकत गेले आणि रिकाम्या क्रेटच्या थप्पीवर जाऊन आदळले.

मी नाशिकला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सुटल्यावर एका इन्शुरन्स एजन्सीत ट्रेनी म्हणून काम करते. आमचा आडगावला फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी ऑफिसात नक्की काय करते हे घरी कोणाला नीट कळलेलं नाही. कुत्र्याचा विमा करायला पिंपळगावला चाललेय असं सांगितलं, तेव्हा वडील फुलांची जुडी बांधता बांधता थांबले. म्हणाले, “माणसांचा विमा पुढच्या वर्षी शिकवतात का?”

आमच्या एजन्सीच्या देवरे मॅडमनी ही केस मला एकटीला दिली होती. पहिलीच. बसमध्ये मी तिन्ही पॉलिसींची माहिती मनात घोकत होते. शेजारच्या आजींना वाटलं मी स्तोत्र म्हणतेय. त्यांनी सरकून मला जास्त जागा दिली.

पिंपळगाव बसवंतला तात्यांचं पॅकहाऊस आहे. म्हणजे बागेतून आलेली द्राक्षं निवडून, वजन करून खोक्यांत भरायची शेड. शेडला लागूनच घर. ब्रूनो हा तात्यांच्या सुनेचा, पूजावहिनींचा कुत्रा. त्यांच्या लग्नानंतर तो नाशिकला माहेरीच होता. पण त्यांच्या वडिलांचे गुडघे गेले. साखळी धरून ते ब्रूनोला फिरवायचे की ब्रूनो त्यांना, हे सांगता येईना. म्हणून वहिनी त्याला सासरी घेऊन आल्या.

इथे आल्यावर ब्रूनोने एकच गुन्हा केला. एक्स्पोर्ट कंपनीचा माणूस माल तपासायला आला होता. ब्रूनोने आनंदाने पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर ठेवले. तो मागच्या मागे क्रेटवर पडला आणि त्याचा मोबाईल फुटला. त्याने निरोप पाठवला, कुत्रा असेल तर मी येणार नाही. आणि त्याने माल पास केल्याशिवाय गाडी भरत नाही.

तात्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. मनमाडला रेल्वेत त्यांचा भाचा आहे, त्याच्याकडे कुत्रा पाठवायचा. वहिनी रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, नुकसानीचीच काळजी असेल तर आपण विमा काढू. तात्यांना ते जरा पटलं. म्हणून मी तिथे होते.

“बिल्ला कुठल्या कानात मारणार?” तात्यांनी मला पहिला प्रश्न विचारला होता.

गायीचा विमा उतरवला की तिच्या कानात पिवळा बिल्ला मारतात. आमच्या गायीलाही आहे. त्यामुळे मला प्रश्न अगदी बरोबर वाटला. पण वहिनींनी ब्रूनोचे दोन्ही कान हातांनी झाकले.

“कुत्र्याला मायक्रोचिप असते, तात्या,” मी म्हटलं. “तांदळाच्या दाण्याएवढी. कातडीखाली बसवतात. मशीनने नंबर वाचता येतो. ब्रूनोला ती आधीच बसवलेली आहे.”

“म्हंजे याच्या आत सिम कार्ड हाय?” तात्यांच्या पत्नीने विचारलं. त्यांना सगळे आक्का म्हणतात. त्या सुपात शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या.

“त्याशिवाय का इतकं भुंकतं?” तात्या म्हणाले.

मी पॉलिसी समजावून सांगितल्या. पहिलीत अपघात आणि थर्ड पार्टी. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. विमा घेणारा पहिला, कंपनी दुसरी आणि कुत्र्याने ज्या बाहेरच्या माणसाचं नुकसान केलं तो तिसरा. त्याची भरपाई कंपनी देते. दुसऱ्या पॉलिसीत याच्या जोडीला आजारपण. तिसरीत हे सगळं आणि शिवाय चोरी.

“चोरी?” तात्या हसले. “याला चोरणार कोण? चोर आला तर हा त्याची बॅटरी धरील.”

चोरी कटाप झाली. आजारपणावर मात्र अडलं. वहिनींना ते हवं होतं, तात्यांना नको होतं. द्राक्षांच्या विम्याचा त्यांना अनुभव होता.

“पाऊस आमच्या बागेत पडतो आन तुमी मोजता दुसऱ्या गावात. हितं हा आजारी पडंल आन तुमी थर्मामीटर लावाल निफाडच्या कुत्र्याला.”

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. “नाही तात्या,” एवढंच म्हणाले, “याच कुत्र्याला लावतील. त्यासाठीच चिप असते.”

शेवटी वहिनींच्या हट्टाने दुसरी पॉलिसी ठरली. मी मोबाईलवर माहिती भरायला घेतली. मालकाचं नाव आलं तेव्हा मी वहिनींकडे बघितलं. पण आक्का शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या, “तात्यांचं टाक. आमच्यात समदं तेंच्याच नावावर असतं. तांब्या बी.”

“हां, टाक,” तात्या सहज म्हणाले.

मला यात वेगळं काही वाटलं नाही. आमच्या घरीही मोटारसायकल आजोबांच्या नावावर आहे. आजोबा सायकलवरसुद्धा बसत नाहीत.

आता राहिला फोटो. कंपनीला कुत्र्याचा समोरून, बाजूने आणि मालकासोबत असे फोटो लागतात. त्या तिसऱ्या फोटोसाठीच ही बाज मांडली होती.

शेवटी तात्याच वैतागले. “थांब. त्याला कसं बोलवायचं मला म्हाईत हाय.” त्यांनी शेजारच्या क्रेटमधला टपोऱ्या मण्यांचा एक घड उचलला आणि ब्रूनोपुढे धरला. “ये. खा. चांगला माल हाय.”

ब्रूनो उठला. पण त्याच्या आधी वहिनी उठल्या. त्यांनी झेप घेऊन तो घड तात्यांच्या हातातून ओढून घेतला.

“तात्या, नको! विष आहे ते!”

शेडमध्ये मणी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. वजनकाट्यावरचा माणूस वळला.

“काय म्हणाली?” तात्यांचा आवाज अगदी खाली आला. “माझ्या मालाला काय म्हणाली?”

“कुत्र्यांना, तात्या,” मी घाईघाईने म्हटलं. “द्राक्षं, मनुका यांनी कुत्र्याच्या किडनीला त्रास होऊ शकतो. डॉक्टर सांगतात. सगळ्याच द्राक्षांनी. तुमच्याच असं नाही.”

“रेसिड्यूचा रिपोर्ट दाखवू?” तात्या उभे राहिले. रेसिड्यू म्हणजे फळावर उरलेला औषधाचा अंश. एक्स्पोर्टच्या मालाची तशी तपासणी होते. “युरोपातली लहान लेकरं खात्यात हा माल. आन या कुत्र्याला बाधतो? ज्याला द्राक्ष चालत नाय त्याचं पिंपळगावात काम काय? सीझन झाला की मनमाड. विमा असू दे नायतर नसू दे.”

त्या रागात ते पुन्हा बाजेवर बसले आणि मी फोटो काढला. फोटोत तात्या भिंतीकडे बघत होते. ब्रूनो हातात घड घेतलेल्या पूजावहिनींकडे बघत होता.

निघताना मी वहिनींना हळूच विचारलं, “पाठवू का पुढे? तात्या तर म्हणतात…”

“पाठव,” त्या म्हणाल्या. त्यांनी ब्रूनोचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. “मनमाडचं घर जिन्याखालचं आहे. तिथे तो दिवसभर बांधलेला राहील. मला आता माहेरीही नेता येत नाही. तू पाठव.”

काही दिवसांनी देवरे मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीच्या अंडररायटरचा मेल आला होता. अंडररायटर म्हणजे विमा द्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस. तो कधी कोणाला भेटत नाही, त्यामुळे त्याला सगळ्यांचा संशय येतो.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “हे बघ काय लिहिलंय. फोटोतल्या मालकाची आणि कुत्र्याची ओळख असल्याचं दिसत नाही. मालकी कन्फर्म करा.”

मी फोटो बघितला. खरंच दिसत नव्हतं.

“कुत्रा कोणाचा आहे?” मॅडमनी विचारलं.

“पूजावहिनींचा.”

“नाव कोणाचं टाकलंस?”

“तात्यांचं.”

“का?”

“मॅडम, त्यांच्यात सगळं तात्यांच्या नावावर असतं. पण कुत्रा मात्र त्यांना मनमाडला पाठवून द्यायचाय.”

मॅडम मूळच्या सटाण्याच्या. त्या म्हणाल्या, “आमच्याकडेही असतं. पण विमा ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्या नावावर लागतो. ज्या माणसाला कुत्रा घालवायचाच आहे, त्याचं कुत्रा गेल्याने काय नुकसान? पुढे क्लेम आला की हेच विचारतील. उद्या जा. एक तर नाव बदलून वहिनींचं कर, नाहीतर तात्यांकडून लेखी घे, की कुत्रा माझा आहे.”

“तात्या तसं लिहून देणार नाहीत, मॅडम.”

“मग नाव बदल. सोपं आहे.”

बसमध्ये या वेळी मी काही घोकलं नाही. मला फक्त वाईट वाटत होतं. नाव बदलायचं तर आहेच, पण एकदा तात्यांचं नाव निघालं की ब्रूनो त्यांचा उरला नाही, आणि मग मनमाड.

पॅकहाऊसमध्ये गर्दी होती. तात्या बायकांवर ओरडत होते, “खाली मणी पडून देऊ नका. दिसला की उचला.” मागच्या खेपेला त्या शेडमध्ये चालताना चपलेखाली मणी फुटत होते. त्या दिवशी जमीन लख्ख होती. मला बघून तात्या म्हणाले, “ऑडिट हाय पुढच्या आठवड्यात. म्हणून.” मी काही विचारलं नव्हतं.

ब्रूनो दारात बांधलेला होता. वहिनी आणि आक्का ओट्यावर आल्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“तात्या, थोडी चूक झाली. कुत्रा तुमचा नाही, तरी तुमचं नाव लागलं. तुमचं नाव काढून वहिनींचं टाकायचंय.”

तात्यांनी हातातला रुमाल खांद्यावर टाकला. “काढून म्हंजे?”

“म्हणजे तुमच्या नावावरून कमी करायचा.”

“कोण म्हणतं?”

“कंपनी म्हणते.”

“कंपनीला काय ठावं? भेटलीय का मला ती?”

“नाही. फोटो बघून म्हणतात. तुम्ही मालक वाटत नाही.”

हे मी बोलायला नको होतं. पण खरं तेच होतं.

तात्या शेडकडे बघू लागले. ट्रॅक्टर, पिकअप, शीतगृहाचं दार, सगळ्यांवर त्यांचंच नाव रंगवलेलं होतं. पाण्याच्या टाकीवरही होतं.

“पोरी,” ते म्हणाले, “वडील गेल्यावर चार भावांत वाटण्या झाल्या. तवापासून माझ्या नावावर जे लागलं ते कमी नाय झालं. बांधावरचं बाभळीचं झाड नाय गेलं. आन आता कुत्रं कमी करायचं? उद्या गावात म्हणतील, तात्यांचं उतरायला लागलं.”

“मग तुम्हाला लिहून द्यावं लागेल, की कुत्रा तुमचा आहे.”

“मग लिही. त्यात काय.”

“खरं असेल तरच लिहिता येतं, तात्या.” मी म्हटलं. “मनमाडला पाठवणार असाल तर नाही लिहिता येणार.”

ब्रूनोने तेवढ्यात जांभई दिली.

“माझा कुत्रा,” तात्या सावकाश म्हणाले, “मनमाडला कशाला जाईल? तिथं काय ठेवलंय?”

पूजावहिनी पटकन आत गेल्या. पदराने डोळे पुसल्याचं आम्ही कोणी बघितलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

“आन तो एक्स्पोर्टवाला?” आक्कांनी विचारलं.

“तो यायचा असंल तवा सांगून येईल. माझा कुत्रा बांधून ठीवीन मी तेवढा वेळ. आन पडलाच परत, तर तो तिसरा हाय. कंपनी दुसरी हाय. मी पहिला. मला समजलंय समदं.”

फोटो पुन्हा काढायचा होता. तात्या आत जाऊन नवी टोपी घालून आले. बाजेवर ब्रूनोला खेटून बसले, त्याच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. ब्रूनोही बघत होता, कारण तात्यांच्या दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा होता.

“हां, आन ते चोरीचं बी टाक,” तात्या म्हणाले.

“पण तात्या, तुम्हीच म्हणाला होता, याला कोण चोरणार.”

“तवा तो सूनबाईंचा व्हता. आता माझा हाय. माझ्या मालावर समद्यांचा डोळा असतो.”

आक्का मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी द्राक्षांची पिशवी माझ्या हातात दिली, तेव्हा मी त्यांना विचारलं, “आक्का, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम तात्यांचं नाव सांगितलं का?”

“मला काय कळतं बाई विम्यातलं,” आक्का म्हणाल्या. “मला तात्यांतलं कळतं.”

अंडररायटरने दुसरा फोटो लगेच मंजूर केला. पॉलिसी तिसरी निघाली, सगळ्यात मोठी. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे काही शिकवायच्या पुस्तकात बसत नाही, तेव्हा नवीन ट्रेनींना सांगत बसू नकोस.

मी सांगत नाही. कुत्र्याचा विमा काढायला कोणी आलं की आजारपण, अपघात, थर्ड पार्टी आणि चोरी, सगळं नीट समजावते. फक्त त्याआधी, घरात कुत्रा कोणाला नको आहे ते विचारून घेते. आणि फोटो काढताना एक जास्तीचा फोटो त्या माणसाला कुत्र्याशेजारी बसवून काढते.