तीन बाजूंनी पाणी

देवानं माणसांना भीती वाटून दिली त्या दिवशी माझे व्याही रांगेत नव्हते, आणि त्यांच्या वाट्याची भीती कोणीतरी माझ्या पदरात टाकून मोकळं झालं, असं माझं ठाम मत आहे. एरवी साठी उलटलेला, काडीसारखा बारीक माणूस गच्चीच्या कठड्यावर उभा राहून शेजाऱ्यांच्या टाकीत किती पाणी आहे ते पाहतो आणि खाली उभा असलेला मी डोळे झाकून घेतो, याचा उलगडा होत नाही. मी मूळचा सांगलीकडचा. बदली होऊन नागपुरात आलो, इथंच राहिलो आणि एकुलती एक मुलगीही इथंच दिली. मुलीला नवरा मिळाला आणि मला हे व्याही मिळाले. जावई शांत स्वभावाचा आहे, तो आईवर गेला आहे.

त्यांची माझी पहिली भेट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. भर मे महिना होता. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा मुलगा, मुलाची आई, मामा अशी सगळी मंडळी जागेवर होती, फक्त मुलाचे वडील दिसत नव्हते. ते खिडकीबाहेर होते. आमच्या कूलरची मागची जाळी काढून त्यांनी आत हात घातला होता. जन्मभर विजेच्या खात्यात नोकरी केल्यामुळे असेल, पण न कुरकुरणारा कूलर हीच त्यांच्या लेखी सुखी घराची खूण आहे. "पोरगी तर चांगलीच आहे जी, त्यात पाहाचं काय?" खिडकीतूनच ते मला म्हणाले. "पण तुमच्या कूलरचं गवत पार सडून गेलं ना. या हवेत तुम्ही लोक झोपता तरी कसे?" आणि त्यांनी पक्कड मागितली. पंपातला गाळ निघेपर्यंत आत लग्न ठरलं होतं. मुलाच्या बापाला पहिल्याच भेटीत पक्कड आणून देणारा मुलीचा बाप मी एकटाच असेन.

नागपूरचं ऊन ही ते स्वतःची मिळकत समजतात. मे महिन्यात खरेदी करायची तर भर दुपारी सीताबर्डीला जावं, कारण तेव्हा गर्दी नसते, असा त्यांचा सल्ला असतो. एकदा मी तो मानला. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून गेलो आणि आलो, आणि दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होतो. ते मात्र घरी येऊन गरम चहा प्यायले. उन्हाचे त्यांचे नियम ठरलेले आहेत. दुपट्टा पाण्यात बुडवून डोक्याला गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा, आणि उन्हात चालता चालता पाणी प्यायचं नाही, मुक्कामी पोचून गुळाच्या खड्याबरोबर प्यायचं. एवढं केलं की सूर्य काही करू शकत नाही. दुसऱ्या गावांच्या उन्हाला ते ऊन म्हणतच नाहीत. "मुंबईचं ऊन? त्याले कोणी ऊन म्हणते का जी? तो तर नुसता घाम आहे."

अशा माणसाच्या छातीत मागच्या वर्षी दुखलं. डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. ते स्वतः त्याला पंपाचा वायसर बदलला असं म्हणतात. वायसर उत्तम बसला, पण घरच्यांची नजर बदलली. स्कूटरची चावी विहीणबाईंनी कपाटात ठेवली. जिन्यावर पाय ठेवला की मागून सून "बाबा, हळू" म्हणायची. ती माझीच मुलगी, त्यामुळे मला काही बोलता येत नव्हतं. ते कोणावर रागावले नाहीत, पण मी त्यांना सोफ्यावर नुसतं बसलेलं पहिल्यांदा पाहिलं ते त्याच दिवसांत. एकदा टीव्हीवर निळाशार समुद्र दाखवत होते. ते म्हणाले, "शाळेत गुरुजीनं घोकून घेतलं होतं, ज्याच्या चारही बाजूंनी पाणी असते त्याले बेट म्हणते. आपण राहून राहिलो देशाच्या पोटात, चारही बाजूंनी जमीन. एकदा मले चारही बाजूंनी पाणी पाहाचं आहे. मंग काय व्हाचं ते होवो." मी हसण्यावारी नेलं. मुलीनं ते ऐकलं होतं. फेब्रुवारीत तिनं आणि जावयानं आम्हा चौघा व्याही-विहिणींना अंदमानला धाडलं, आणि निघताना तिनं मला बाजूला घेऊन बजावलं, "बाबा, ते काहीही म्हणोत, त्यांना कुठं चढू देऊ नका."

विमानतळावर तपासणीत त्यांच्या खिशातून कांदा निघाला. तपासणाऱ्या बाईंनी तो उलटसुलट पाहून "ये क्या है?" असं विचारलं. "कांदा है," ते अभिमानानं म्हणाले, "लू नहीं लगती." विमानातून उतरल्यावर एका लहान बेटाकडे जाणारी बोट अशी काही हेलकावत होती की अर्धे प्रवासी पिशव्यांमध्ये तोंड घालून बसले होते. माझं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. व्याही मधल्या वाटेत पाय फाकवून उभे राहून घरच्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, खात होते आणि ओकणाऱ्यांनाही आग्रह करत होते.

समुद्र त्यांना आवडला, पण समाधान झालं नाही. किनाऱ्यावर उभं राहून ते तक्रार करायचे की पाणी एकाच बाजूनं आहे. या बाजूनं पाहावं तर मागं झाडी, त्या बाजूला जावं तर हे पाणी दिसेना. बेट लहान होतं, आणि त्याच्या मधोमध दाट जंगलानं भरलेला डोंगर होता. त्याच्या माथ्यावरून बेटाची सगळी कड दिसते असं हॉटेलात कळलं, आणि मी समजून चुकलो. विहीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तरी यांच्या नादी लागू नका जी व्याही. हे कोणाच्या बापाचं ऐकत नाही." मी नाही म्हणालो, मुलीची ताकीद सांगितली, स्प्रिंगची आठवण दिली. ते वाद घालत बसले नाहीत. वाळूत बसून पाय चोळत म्हणाले, "ठीक आहे. सोफा काय, इथं काय." ते ऐकून मी विरघळलो. चढू द्यायचं नाही असं मुलीनं सांगितलं होतं, बरोबर जाऊ नका असं नव्हतं सांगितलं, अशी मनाची समजूत घालून मी निघालो.

तिथल्या नियमाप्रमाणे वाटाड्या घेतला. तो आमच्याच वयाचा, कमी बोलणारा गृहस्थ होता. "पानी ज्यादा लीजिए," एवढंच तो म्हणाला. व्याह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भैया, हम नागपूर से हैं." पाणी मात्र त्यांनी भरपूर घेतलं आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. आम्हा दोघांच्या डोक्याला दुपट्टे बांधले, माझ्याही खिशात एक कांदा घातला. जंगलात शिरलो तर ऊन जमिनीवर पडतच नव्हतं. "घ्या," ते म्हणाले, "ऊनच नाही, तर लागन काय?" पण अंगाला अशा धारा लागल्या की शर्ट पिळावा. आणि इथं नागपूरच्या माणसाकडूनच होऊ शकते अशी चूक झाली. प्रत्येक थांब्यावर ते पाण्याची बाटली काढत आणि पिण्याऐवजी आमच्या दुपट्ट्यांवर ओतत. आमच्याकडच्या कोरड्या हवेत ओला दुपट्टा वाळता वाळता डोकं गार करतो. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. पण जिथं हवाच पाण्यानं भरलेली, तिथं दुपट्ट्यातलं पाणी जाणार कुठं? डोक्यावर गरम पोतेरं ठेवल्यासारखं वाटत होतं. "अजून थोडं टाकू," ते म्हणायचे, आणि मी मान पुढं करायचो. कूलरच्या बाबतीत त्यांचं ऐकायची मला सवय लागली होती.

माथ्याच्या अलीकडे एक कपार लागली. एका हाताला शेवाळलेला कातळ, दुसऱ्या हाताला थेट खाली समुद्र, आणि मधे पाऊल मावेल एवढी वाट. झाडांच्या मुळ्यांना धरून जायचं होतं. मी जेवढ्या देवांची नावं येत होती तेवढी घेतली आणि पार झालो. व्याही तिच्या मधोमध थांबून, एका हातानं मुळी धरून, "काय हवा आहे जी!" म्हणाले. पलीकडे एक उघडं पठार होतं. तिथून तीन बाजूंनी पाणी दिसत होतं, निळं, हिरवं, आणि दूर जाऊन पांढरं झालेलं. चौथी बाजू तेवढी शेवटच्या खडकानं अडवली होती. तो खडक चढला की संपलं. व्याही लहान मुलासारखे मोठ्यानं हसले, आणि त्याच क्षणी माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी बसलो तो आडवाच झालो.

पिशवीत पाणी उरलं नव्हतं. सगळं आमच्या डोक्यांवर होतं. वाटाड्यानं माझी नाडी पाहिली आणि व्याह्यांना म्हणाला, "मैं इनके पास बैठता हूं. आप वो पत्थर चढके आ जाइए, फिर हम पानी देखते हैं." मीही हातानं जा म्हणून खुणावलं. खोटं कशाला सांगू, ते जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं. ते खडकाकडे गेले. दोन्ही हात वर टेकवले, एक पाय ठेवला, अंग वर उचललं. त्यांच्या डोक्याच्या वर आता फक्त आकाश होतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते माझ्याजवळ उकिडवे बसले होते आणि वाटाड्याला सांगत होते, "भैया, तुम्हारे पैर तेज हैं. नीचे नाला देखा था ना, पानी लाव. इनके पास मैं बैठता हूं." मी विचारलं, "पाहिलं का?" "पाहून घेईन," ते म्हणाले. "तुमचा चेहरा बरा नाही दिसून राहिला जी." मग माझ्या डोक्यावरचा दुपट्टा सोडता सोडता खाली पाहून म्हणाले, "पाणी म्याच सांडलं." इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. त्यांनी दगडावर कांदा फोडून माझ्या नाकाला लावला, रिकाम्या पिशवीनं वारा घातला, आणि मी डोळे मिटले की "ए, झोपू नको गा, बोल माझ्याशी," म्हणून गालावर चापट मारली. मानाच्या व्याह्यानं मारलेली ती चापट मला अजून गोड लागते.

पाणी आलं. पिशवीतल्या चिवड्याच्या तळचं मीठ त्यात कालवून त्यांनी मला घोट घोट पाजलं. सूर्य कलायला लागला होता, आणि अंधाराच्या आत ती कपार उतरणं भाग होतं. खडक तिथंच होता, पण वर जाऊन यायला आता वेळ नव्हता. कपारीच्या तोंडाशी मी बसकण मारली. तेव्हा त्यांनी दोन्ही ओले दुपट्टे घेतले, एक माझ्या कमरेला बांधला, एक स्वतःच्या, आणि दोन्हींची टोकं घट्ट गाठीनं जोडली. वाटाड्या पुढं, मी मधे, व्याही मागं. "मी पडलो तर तुम्हीही जाल," मी म्हणालो. "तुमच्या पोरीची न माझ्या पोराची अशीच गाठ बांधली होती ना आपण," ते म्हणाले. "तेव्हा तर तुम्ही भेले नव्हते. चाला." मला हसू आलं, आणि हसता हसता ती वाट कधी सरली ते कळलं नाही. खाली आल्यावर गाठ सुटेना. विहीणबाईंनी कात्री आणेपर्यंत आम्ही दोघं हॉटेलच्या ओट्यावर एकमेकांना बांधलेले बसलो होतो, आणि मला त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की माझ्या सख्ख्या भावाबद्दलही तशी कधी आली नसेल.

नागपुरात येऊन मी ही गोष्ट दडपणार होतो, पण त्यांनी ती पहिल्याच दिवशी भर आवाजात सगळ्यांना सांगितली. मुलगी दोन आठवडे आम्हा दोघांशीही धड बोलली नाही. आता कोणी अंदमानचं विचारलं की ते सांगतात, "बेट म्हणजे तीन बाजूंनी पाणी, न चौथ्या बाजूले आमचे व्याही आडवे." लोक हसतात. मीही हसतो, पण त्यांचं एवढं एक पाहायचं माझ्यामुळे राहिलं, हे मला सलतं. म्हणून मी पहाटे सेमिनरी हिल्सची टेकडी चढायला लागलो. पाय तयार करायचे आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांना परत घेऊन जायचं, असं मनाशी धरलं होतं. तेही रोज येतात. सुरुवातीला माझ्या पुढं असायचे, मग बरोबरीनं, आणि मग माझ्या मागून त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. पुन्हा अंदमानचं काढलं की "जाऊ ना, कुठं पळून राहिलं ते," म्हणतात. आधी ते कुठलीही गोष्ट पुढं ढकलत नसत.

परवा टेकडीच्या पायथ्याशी आलो तर ते बाकावर बसले. "तुम्ही होऊन या वर," म्हणाले, "मी आज इथंच हवा खातो." मी निघालो. पहिल्या वळणापर्यंत गेलो, तिथून मागं पाहिलं. ते माझ्याकडे नाही, वरच्या वाटेकडे पाहत होते. मी उलटा फिरून खाली आलो. "काहून परतले जी?" त्यांनी विचारलं. "गुडघा," मी म्हणालो. माझा गुडघा ठणठणीत आहे, आणि ते त्यांनाही माहीत आहे. त्यांनी सरकून जागा करून दिली, आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघं तिथं बसून राहिलो.