साडूंचा मतदारसंघ

ज्या देशात कधी पाऊलही टाकलं नाही, त्या देशाचा कारभार आपल्या फोनवाचून अडला आहे अशी प्रामाणिक समजूत असलेला माणूस जगाच्या पाठीवर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला मिळाला. म्हणजे माझा साडू. सिंगापुरात आमची बिऱ्हाडं टॅम्पिनीसला, समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये. मी तांजोंग पगारच्या एका बँकेत खाली मान घालून नोकरी करणारा. साडू बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, तुआसला, एका अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे विजेच्या गाड्या चार्ज करायच्या प्लगचे आतले भाग बनत आणि झाडून सगळे अमेरिकेला जात. स्वतः साडूंकडे विजेचीच काय, कसलीच गाडी नव्हती. सिंगापुरात गाडी ठेवायचा परवानाच गाडीहून महाग, त्यामुळे ते कंपनीच्या बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपत तुआसला जात आणि तसेच परत येत. पण विषय निघाला की असे बोलत, जणू आत्ताच अमेरिकेतल्या हायवेवरून गाडी हाकून आलेत.

बोलताना ते "आपण" म्हणत. "साडूबुवा, आपण विजेच्या गाड्यांवरची करसवलत काढली ना, तर चीन आपल्याला कच्चं खाईल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं, "आपण म्हणजे भारत की सिंगापूर?" "अमेरिका हो!" ते माझ्या अज्ञानावर खेकसले. खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राइस देणाऱ्या म्हाताऱ्या अंकलनाही त्यांनी बॅटरीचं राजकारण समजावलं होतं, अंकलनी शांतपणे ऐकून "चिली वाँट ऑर नॉट?" एवढंच विचारलं. आमच्या गणपतीत आरती झाल्यावर माणसं प्रसादासाठी हात पुढे करत आणि साडू ताट हातात तसंच धरून अमेरिकन सेनेटची बातमी सांगायला लागत. प्रसादाचं ताट त्यांच्या हातात द्यायचं नाही, असा बायकोनं घरात नियमच केला.

रात्रीची जेवणं झाली की ते ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर उतरत. तिकडे अमेरिकेत तेव्हा सकाळची ऑफिसं उघडलेली असत. दगडी बाकावर बसून साडू एकेका सेनेटरच्या कचेरीत फोन लावत आणि पुणेरी इंग्रजीत आपलं मत नोंदवत. पलीकडची पोरं अदबीनं ऐकत आणि शेवटी पिन कोड विचारत. साडू खोटं बोलणारे नव्हेत, त्यांनी टॅम्पिनीसचा सांगितला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, यात एक आकडा जास्त होतोय." साडू म्हणाले, "मग शेवटचा सोडून द्या." तिनं सोडला, आणि आनंदानं म्हणाली, "अरे वा, तुम्ही आयोवाचे! मग तुमच्या आयोवाच्या सेनेटरला फोन करा."

शेजारी बसून ऐकणारा मी हसून हसून बाकावरून घसरलो. साडूंनी मात्र हे पदरात घेतलं. त्या दिवसापासून ते अमेरिकेतल्या त्या आयोवा राज्याचे झाले. कचेऱ्यांना ते इमानदारीनं "मी राहतो सिंगापूरला" असं सांगत, पण मनानं राज्यात दाखल झाले होते. तिथला पाऊस, तिथला मका, सगळं पाहू लागले. "आपल्याकडे यंदा मका चांगला आलाय," हे वाक्य मी टॅम्पिनीसच्या लिफ्टमध्ये ऐकलेलं आहे. पुढे त्यांना कळलं की त्या मक्याचं इंधन करून गाड्यांत घालतात, त्यामुळे तिथल्या पुष्कळ लोकांना विजेच्या गाड्यांचं फारसं प्रेम नाही. चार दिवस साडू मक्याच्या इंधनाचे अहवाल वाचत बसले. मग म्हणाले, "आपल्याच लोकांना समजावणं सगळ्यात अवघड."

या वेडाच्या तळाशी काय होतं ते आम्हा घरच्यांना माहीत होतं, म्हणून आमचं हसणं पूर्ण नसे. साडूंचा इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज दोनदा नामंजूर झालेला. लेक इथेच वाढलेली, पुढच्या वर्षी तिची ओ-लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची परीक्षा. तिकडे गाड्या खपल्या तर तुआसचा कारखाना चालणार, तो चालला तर पास राहणार, आणि पास राहिला तर पोरगी आपल्या शाळेतून परीक्षा देणार. आपल्या घराचा निर्णय जिथे होतो तिथे आपल्याला मत नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. लेक वैतागून म्हणे, "बाबा, दे डोंट केअर लाह." ते म्हणत, "सांगितलंच नाही तर कळणार कसं त्यांना?"

चिनी मालाची भीती वाढली तशी त्यांची मागणीही वाढली. परदेशी सुट्या भागांवर सरसकट कर बसवा, असं ते रोज कळवू लागले. मी एकदा म्हटलं, "अहो, सरसकट म्हणजे त्यात तुमचं तुआसही आलं की." ते रागावले. "आपण परदेशी कुठे? कंपनी आपली आहे!" मी वाद घातला नाही. घालायला हवा होता की नको, कोण जाणे. माझ्या बोलण्यानं अमेरिका थोडीच थांबणार होती.

असा कर खरंच बसणार अशी हवा झाली, आणि कंपनीनं तो बसायची वाटसुद्धा पाहिली नाही. तुआसच्या कँटीनमध्ये सगळ्यांना उभं करून साहेबांनी जाहीर केलं, की परदेशी स्पर्धेला तोंड देण्यासाठी उत्पादन मायदेशी, अमेरिकेला नेत आहोत. साडू त्या दिवशी बसनं आले नाहीत. एमआरटीच्या मेट्रोनं या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्यानं आले आणि थेट आमच्याकडे येऊन बसले. समोरच्या ब्लॉकमधून धावत आलेल्या मेव्हणीनं तिथेच डोळ्याला पदर लावला. महिन्याभरात देश सोडायचा होता. पोरीला स्टुडंट पासवर ठेवता आलं, ती आमच्याकडे राहून परीक्षा देईल असं ठरलं. ठरवताना कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी ते जेवून खाली उतरले. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो. फोन लागला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, सेनेटरसाहेबांसाठी काय निरोप लिहून घेऊ?  साडू सावकाश म्हणाले, "लिहा, तुम्ही ज्याला परदेशी स्पर्धा म्हणता ना, तो मी. टॅम्पिनीसला राहतो. मला एक मुलगी आहे." फोन केल्याबद्दल त्या मुलीनं त्यांचे आभार मानले. साडूंनीही तिचे मानले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी आमच्यात तशी पद्धत नव्हती.

आता ते पुण्यात आहेत. मनासारखी नोकरी अजून मिळालेली नाही. बातम्या पाहणं सोडलं आहे, असं मेव्हणी सांगते. या माणसानं मला कमी छळलं नाही, पण रविवारच्या जेवणाला आता चवच राहिलेली नाही. त्यांची लेक आमच्याकडे अभ्यास करते. परवा जेवता जेवता तिनं विचारलं, "काका, मी एटीन झाले की माझं व्होट कुठे असेल?" मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. तिच्या बापानं यावर तासभर काहीतरी सांगितलं असतं, आणि आम्ही सगळे त्याला हसलो असतो.