उद्या वारा येणार नाही

माझ्या नणंदेला गावात सगळे पारेबाई म्हणत. हवामान केंद्रात त्या निरीक्षक होत्या. केंद्र म्हणजे टेकाडावरच्या दोन खोल्या, तारेचं कुंपण आणि आत चार पायांवर उभी असलेली, झडपांची पांढरी पेटी. पेटीत तापमापक. वन्सं उंचीने बेताच्या, त्यामुळे पाऱ्याच्या रेषेशी डोळा यावा म्हणून पेटीपुढे एक स्टूल असायचं. त्यावर चढायचं, श्वास रोखायचा, आकडा वाचायचा, खाली उतरून वहीत लिहायचा.

"श्वास कशाला रोखता?" मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं.

"अगं, फुंकरीनेसुद्धा पारा हलतो. मग तो आकडा हवेचा राहत नाही, माझा होतो."

बावीस वर्षं त्यांनी असे आकडे घेतले. अंगात ताप असतानाही घेतले. मुख्य कार्यालय त्या आकड्यांवरून अंदाज बांधायचं आणि तो अंदाज फोनवरून वन्संनाच परत सांगायचं. स्वतः अंदाज सांगायचा त्यांना अधिकार नव्हता. गावात कुणी रस्त्यात अडवून विचारलं, "काय पारेबाई, उद्या काय?" तर फोनवरून कागदावर उतरवलेलं त्या जसंच्या तसं सांगत. एक शब्द पदरचा नाही.

त्या वर्षी वसंत संपता संपता एक आठवडा असा आला की तोंडाला कोरड पडावी. सोमवारी कार्यालयाचा अंदाज आला: आठवडा उष्ण व कोरडा, किनाऱ्यालगत दुपारी समुद्रवाऱ्याने दिलासा. आमचं गाव समुद्रापासून जेमतेम दोन मैल. सकाळी डोंगराकडून गरम वारा वाहायचा, अकराच्या सुमारास तो फिरायचा, समुद्राकडून गार झुळूक यायची आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. त्या अकराच्या वाऱ्यावर गावाचं वेळापत्रक चाले.

मी गावातल्या शाळेत शिकवत होते. गुरुवारी आमच्या वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या, सकाळी दहापासून, उघड्या मैदानावर. चारशे मुलं. मंगळवारी अकराला कवायतीची तालीम होती.

सोमवारी संध्याकाळी वन्सं थेट मुख्याध्यापकांच्या घरी गेल्या. पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. हवा जितकी कोरडी, तितका त्यांच्यातला फरक मोठा. त्या दिवशीइतका फरक त्यांनी आजवर पाहिला नव्हता. म्हणजे डोंगराचा कोरडा वारा इतका जोरात, की तो समुद्राच्या वाऱ्याला आत येऊ देणार नाही.

"उद्या वारा येणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलांना उन्हात उभं करू नका."

बावीस वर्षांत पहिल्यांदा ही बाई आपणहून काही सांगत होती. मुख्याध्यापकांनी तालीम रद्द केली.

आणि मंगळवारी पावणेअकरालाच वारा आला! नेहमीपेक्षाही छान. शिक्षकांच्या खोलीतले पडदे फुगले, टेबलावरचे कागद उडाले. चित्रकलेचे सर म्हणाले, "पारेबाईंचा पारा घसरला वाटतं!" सगळे हसले. मीही ओठ आवळून थोडी हसले, खोटं कशाला बोलू?

मधल्या सुट्टीत वन्सं स्वतः दारात उभ्या. टेकाडावरून चालत आलेल्या, कपाळावर घाम. आत येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझं चुकलं. डोंगराच्या वाऱ्याचा जोर मी जास्त धरला. तुमची तालीम माझ्यामुळे गेली." एवढं बोलून त्या थांबल्या, कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणून. मी वह्या पुढे ओढून मान खाली घातली. आपल्या माणसाचं हसं झालं की आपण किती चटकन परके होतो!

संध्याकाळी भांडी विसळताना मी म्हटलं, "वन्सं, दुपारी मी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तपासत होते ना, म्हणून..."

"दिसलं की. वही उलटी होती."

मला रडावं की हसावं कळेना. त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मलाही तिथे उभं राहायला आवडलं असं नाही. पण चूक लोकांकडून ऐकण्यापेक्षा आपणच जाऊन सांगितली की लवकर संपते."

बुधवारी वारा एक वाजता आला आणि तासाभरात पळाला. दोन तापमापकांतला फरक सोमवारपेक्षाही वाढला. वन्संनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडचे साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काम आकडे पाठवायचं. अंदाजाचं आम्ही बघतो."

"आकडे पाठवलेत, साहेब. आता कामाची वेळ संपली. शेजारीण म्हणून चार घरी सांगितलं तर चालेल ना?"

साहेबांनी फोन ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पुन्हा त्याच दारात जायचं म्हणून या वेळी मी त्यांच्यासोबत गेले. मुख्याध्यापक दाराशीच म्हणाले, "बाई, एकदा तुमचं ऐकलं, गावभर हसं झालं."

"झालं. उद्याही होईल कदाचित," वन्सं म्हणाल्या. "पण मी काल चुकले म्हणून उद्याचं ऊन कमी होणार नाही. स्पर्धा रद्द करू नका, फक्त सहाला सुरू करा. मी चुकले तर तुमची झोप जाईल. तुम्ही चुकलात तर?"

मुख्याध्यापकांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग रात्रीच्या आत चारशे घरी निरोप गेले आणि पालकांनी आम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या.

गुरुवारी मुलं डोळे चोळत मैदानावर आली. साडेनऊला शेवटची शर्यत संपली, बक्षिसं वर्गात वाटली, दहाच्या आत मुलं घरी. तोवर हवा बरी होती आणि चित्रकलेचे सर पुन्हा काहीतरी म्हणायच्या बेतात होते. अकरा वाजले. बारा वाजले. डोंगराचा वारा फिरलाच नाही, उलट भट्टीचं दार उघडावं तसा अंगावर आला. मैदानावरच्या झेंड्याच्या खांबाला हात लावून शिपाई ओरडला. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटू लागलं. दुपारी दोनला मी टेकाडावर पाण्याची बाटली घेऊन गेले, तर वन्सं स्टुलावर उभ्या, श्वास रोखून. त्या केंद्राच्या वह्यांत तेवढा आकडा कधीच लिहिला गेला नव्हता.

कार्यालयातून लगेच फोन. "पुन्हा वाचा. तापमापक बिघडला असेल."

"तीनदा वाचलाय, साहेब. हवेत बिघाड आहे, तापमापकात नाही."

मग साहेबांचा आवाज, जरा खाली आलेला: "बरं. उद्याचं काय वाटतंय तुम्हाला?"

वन्सं माझ्याकडे बघून हसल्या नाहीत की काही नाही. म्हणाल्या, "सकाळची नोंद घेते, मग सांगते."

शुक्रवारीही त्यांनी वारा येणार नाही म्हणून सांगितलं, आणि तो आला नाही. दुकानदारांनी दुपारी फळ्या लावल्या, म्हातारी माणसं घरात राहिली. शनिवारी मात्र त्या म्हणाल्या होत्या चार वाजता येईल, तर तो तीनलाच आला. आम्ही सगळे गच्चीवर धावलो. त्या मागून सावकाश जिना चढल्या आणि म्हणाल्या, "एक तासाने चुकले. मुख्याध्यापकांना कळवायला हवं."

"वन्सं, आधी वारा तर खा!" मी म्हटलं, आणि त्यांना धरून कठड्याजवळ बसवलं.