पाठ कुठं करायची

मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला खेटून असलेल्या एका धानाच्या गावात कुंताबाईचं घर आहे. मुलगा लोकेश सफारीची जिप्सी चालवायला लागला तसं ते घर हळूहळू बदलत गेलं. कवेलूचं छप्पर उतरलं, स्लॅब पडला, पुढच्या खोलीत फरशी बसली. स्वयंपाकघर तेवढं होतं तसंच राहिलं. गॅस आला तेव्हा शेगडीसुद्धा कुंताबाईनं चुलीशेजारी जमिनीवरच ठेवली. ती बसायची पाठ पूर्वेच्या भिंतीला लावून आणि तोंड मागच्या दाराकडे करून. दारापलीकडे सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीची वाडी, सांदवाडीला काट्यांचं कुंपण, आणि कुंपणापासून जंगल.

गुडघे आखडले तरी ती ओट्याला तयार नव्हती. "मले खालीच बरं वाटते," एवढंच म्हणायची. घरच्यांनी ती जुन्या वळणाची म्हणून सोडून दिलं.

या हिवाळ्यात सून दिव्यानीला सातवा लागला आणि तिला खाली बसवेना. मग लोकेशनं आईला विचारलं नाही, सरळ मिस्त्री आणला. भूपेश त्याचं नाव. चंद्रपुरात फ्लॅटांची कामं केलेला, हाताचा सफाईदार. त्यानं खोली मोजली, खडूनं जमिनीवरच रेघा ओढल्या आणि म्हणाला, "पाहा बाई, पूर्वेच्या भिंतीले सरळ ओटा. रांधताना तोंड पूर्वेले. वास्तूत बसते, खर्चातही बसते."

कुंताबाई त्या रेघांकडे पाहत राहिली. "अन् दार?"

"दार मागं राहते. तुमच्या पाठीशी."

"नाई जमत."

भूपेशनं पायानं रेघ पुसली आणि दुसरी ओढली. मागच्या भिंतीलाच एल आकाराचा ओटा, दाराच्या जागी मोठी खिडकी, दार बुजवायचं. दिव्यानीला हे फार आवडलं. पोर रांगायला लागलं की मागचं उघडं दार नको, असं तिच्या मनात होतंच. "आई, हेच करू. मागून जनावराची भीती नाई, उजेडही येते."

"दार बुजवायचं नाई," कुंताबाई एवढ्या जोरात म्हणाली की भूपेशच्या हातातला खडू थांबला.

"काऊन पण?"

कुंताबाईनं खोलीच्या मधोमध बोट दाखवलं. म्हणाली, "ओटा मधी बांध. दाराकडे तोंड करून."

"मधी?" भूपेश हसला. "दहा बाय नऊची खोली. मधी ओटा घातला तर माणूस फिरन कुठी?"

सासू-सुनेचं चार दिवस यावरून बिनसलं. शेवटी भूपेशनं तोड काढली. उंची तरी ठरवू म्हणाला, आणि पूर्वेच्या भिंतीशी विटा रचून त्यावर फळी टाकली. "बाई, उभ्या राहून पाहा. हात आखडतात का सांगा."

सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. कुंताबाई फळीपुढे उभी राहिली. समोर नुसती भिंत. पाठीवर दारातून गार वारा येत होता, तो तिला लुगड्यातून लागत होता. दिव्यानी मागं वालाच्या शेंगा तोडायला गेली होती. वेलावरच्या उंच शेंगांना तिचा हात पुरत नव्हता, म्हणून तिनं सहज हाक दिली, "आई, इकडं या न जरा."

कुंताबाई जागची हलली नाही. तिची मान अवघडल्यासारखी झाली. दोन्ही हातांनी तिनं फळी धरली, आणि मग एकदम ओरडली, "आली वं, आली, थांब!" आणि वळायच्या धडपडीत फळीसकट विटा अंगावर घेतल्या. एक वीट पायावर पडली. दिव्यानी धावत आली तेव्हा सासू जमिनीवर बसून दाराबाहेर पाहत होती. पायातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"भागीरथा," ती म्हणाली. "भागीरथा होती न?"

भागीरथा म्हणजे कुंताबाईची धाकटी जाऊ. दिव्यानीनं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी वाघानं तिला याच सांदवाडीतून नेलं. तिचा नवरा पुढं तेलंगणात मिरची तोडायला गेला तो तिकडचाच झाला. तिची पाच वर्षांची पोर, जया, कुंताबाईनं पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि राजुऱ्याला दिली. गावात यासाठी कुंताबाईचं नाव होतं. जावेच्या पोरीले असं कोन करते, असं बाया म्हणायच्या, आणि कुंताबाई ते ऐकून खाली पाहायची.

दिव्यानीनं जयाला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी जया आली. तिनं मोठ्या मायचा पाय पाहिला, पट्टी बदलली, चहा ठेवला.

"मोठी माय, ओट्याचं काय घेऊन बसली? दिव्यानी थकून राह्यली."

"बस इथी," कुंताबाई म्हणाली. "तुले सांगाचं आहे. मी मरून गेली तर राहून जाईन."

मग तिनं सांगितलं. वाघानं नेलं त्याच्या आदल्या दिवशी भागीरथाचा भाऊ बुधू आला होता. भागीरथानं शेताजवळच्या बोदीतले, लहान तळ्यातले, मासे न विचारता त्याच्यासोबत बांधून दिले. त्यावरून दोघींची वाजली. रात्रभर अबोला. सकाळी कुंता चुलीपुढं बसली होती. तेव्हा चूल पूर्वेच्या भिंतीशी अशी होती, की रांधणारीची पाठ दाराला. भागीरथा मागं शेंगा तोडत होती.

"तिनं हाक मारली मले. एकदा नाई, दोनदा. अन् मी वळली नाई. म्हनलं, हिले बोलायचं निमित्त पाहिजे. घे म्हनलं, बस तशीच. मी फुंकणीनं जाळ फुकत राह्यली." कुंताबाईचा आवाज कोरडा होता. "मंग मागं एकदम चुप झालं. पाखरंही नाई. वळून पाहतो तं शेंगायचं टोपलं उलटं पडलं होतं."

दिव्यानी दारात उभी राहून ऐकत होती.

"जंगलवाले साहेब आले, त्यायनं विचारलं, आवाज आला का? मी म्हनलं नाई, फुंकणीच्या आवाजात ऐकू नाई आलं. तुह्या बापालेही तेच सांगतलं. साऱ्या गावाले. मंग मी चूल फिरवली. पण ती रोज येते. रोज नाई तर एकदिवसाआड. भात उतू गेला का, फोडणी टाकली का, तिची हाक येते. तोंड दाराकडे असलं तर निदान दिसते, का कोनी नाई. पाठ असली तर कसं समजन?"

 जयाच्या कपातला चहा निवून साय धरून राहिला. दिव्यानीला वाटलं, ही आता उठून बॅग घेईल. जयानं शेवटी विचारलं ते निराळंच होतं.

"काय म्हनली होती माय? बरोब्बर सांग."

"'बाई, इकडं ये न जरा. वेलात काई हालून राह्यलं.' असं. अन् मंग 'ये न वं.'"

"कशी म्हनली? तिच्यासारखं म्हण."

कुंताबाईनं डोळे मिटले आणि म्हटलं. तो तिचा आवाज नव्हता. बारीक, थोडा लाडिक, शेवटी वर जाणारा आवाज होता तो. 

"मले तिचा आवाज आठवतच नाई," जया म्हणाली. "फोटोत आवाज नसते. अजून एकदा म्हण."

कुंताबाईनं अजून एकदा म्हटलं. मग अजून एकदा. चौथ्या वेळी जया उठून सांदवाडीत गेली आणि संध्याकाळपर्यंत कुंपणाशी बसून राहिली. तिला बोलवायची हिंमत कोणाची झाली नाही. परत आली तेव्हा तिनं मोठ्या मायच्या हातचं जेवण घेतलं नाही, दिव्यानीनं वाढलं ते जेवली. सकाळी निघताना मात्र पाया पडली, आणि भूपेशला म्हणाली, "दार राहू द्या. काई तरी दुसरं पाहा."

भूपेशला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण घरातला रंग त्यानं ओळखला होता. त्यानं पुन्हा खडू घेतला. ओटा एलच, पण फिरवून. लांब बाजू पूर्वेच्या भिंतीला, तिथं भांडी घासायचं सिंक. आखूड बाजू उत्तरेच्या भिंतीला, आणि गॅस त्या आखूड बाजूवर. रांधणारी उत्तरेला तोंड करून उभी राहील, दार तिच्या डाव्या हाताला येईल.

"मान थोडी वळवली का सारं दिसते," तो म्हणाला. "वास्तूवाला विचारन तं माझं नाव सांगू नका."

कुंताबाई त्या रेघांच्या आत उभी राहिली. मान वळवली. वेल दिसला, कुंपण दिसलं. "बांध," ती म्हणाली.

ओटा झाला. काळा कडप्पा, पांढऱ्या टाइल्स. गुडघ्यांना आराम पडला. हाक काही थांबली नाही. ती आली की कुंताबाई हातातलं टाकून दारापर्यंत जाते, उंबऱ्यावर उभी राहते, "कोनी नाई" असं स्वतःशी म्हणते आणि परत फिरते. तोवर फोडणी करपते. दिव्यानी दुसरी टाकते.

नवा ओटा पाहायला गावातल्या बाया येऊन गेल्या. शेजारची कांता म्हणाली, "गॅस असा कोपऱ्यात काऊन घेतला वं?" दिव्यानी घाईघाईनं म्हणाली, "वारा लागत नाई न तिथी." पण कुंताबाईनं हातातला झारा खाली ठेवला आणि कांताला खरं कारण सांगितलं. सगळं, माशांपासून.

कांतानं ते चार घरी नेलं. आठवड्यात ते पलीकडच्या गावी बुधूच्या कानावर गेलं. एका सकाळी तो सायकल घेऊन आला. आता त्याचे केस पांढरे झाले होते. तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबला. कुंताबाईनं पाण्याचा गडू पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"खरं आहे का?"

"खरं आहे, भाऊ."

"दोनदा?"

"दोनदा."

बुधूनं खोलीत चहूकडे पाहिलं, ओटा पाहिला, दार पाहिलं. मग सायकलचा स्टँड काढला आणि गेला. दर वर्षी आखाडीच्या सणाला जयाच्या नावानं तो काही ना काही आणून द्यायचा. त्यानंतर त्या घराकडे तो फिरकला नाही. लोकेशनं त्याला समजावायला जातो म्हटलं, तर कुंताबाईनं त्याला अडवलं.

"जाऊ नको," ती म्हणाली. "त्याचं बरोबर आहे." आणि गडूतलं पाणी तिनं वालाच्या आळ्यात ओतलं.